कारंज्यात तीनदा पहिलं गिऱ्हाईक

नाशिकहून निघताना माझ्या बॅगेत दोन जोड कपडे, एक मफलर, एक खिशातली वही आणि एका यादीच्या तीन झेरॉक्स होत्या. यादी माझ्या आजोबांच्या हातची. सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वी ते आमच्या कामरगावहून बैलगाडीने कारंज्याच्या बाजाराला जात, तेव्हाची. मूळ कागद माझ्या वडिलांच्या, म्हणजे नानांच्या, पत्र्याच्या डब्यात असतो. त्यावर सात वस्तू आहेत: कंदील, कासरा, घुंगरमाळ, अडकित्ता, सूप, गुळाची भेली आणि रांजण. प्रत्येकापुढे एकचा आकडा.

या सात वस्तूंसाठी मी पावणेपाचशे किलोमीटर का गेलो, ते आधी सांगितलं पाहिजे.

नाना चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. त्यांच्या लहानपणीचं कारंजं आमच्या घरात रोज एकदा तरी जेवायला बसायचं. दिवाळीत पंगतीला ते म्हणाले, "त्या वेळी कारंज्यात सहाशे दुकानं होती. एकदा बाबांना रांजण हवा होता. शेठच्या दुकानात नव्हता. तर शेठ उठला, घरी गेला, स्वतःचा भरलेला रांजण ओतला आणि आणून दिला. बोहनीचं गिऱ्हाईक होतं ना!" बोहनी म्हणजे दिवसाची पहिली विक्री, आमच्याकडे तिला भवानी म्हणतात. मी पंचवीस वर्षं एका कारखान्याच्या खरेदी विभागात आहे. तीन दुकानांचे दर मागवल्याशिवाय मी घरासाठी झाडूसुद्धा आणत नाही. माझ्या तोंडून निघून गेलं, "नाना, आकडे फुगवू नका. आणि घरचा रांजण ओतून देणारा दुकानदार जगात नसतो."

नानांनी भात कालवला, खाल्ला, हात धुतला. त्या दिवसापासून त्यांनी कारंज्याचं नाव काढलं नाही. मुलगी गोष्ट सांगा म्हणाली की ते म्हणत, "बापाला विचार. त्याच्याकडे पुरावे असतात." तीन महिने आमची जेवणं वेळेवर उरकत होती आणि कोणालाच गोड लागत नव्हती. शेवटी मी रजा टाकली आणि यादीच्या झेरॉक्स काढून आणल्या. नानांना सांगितलं तेव्हा त्यांनी वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता एवढंच म्हटलं, "जा. पण बोहनीच्या वेळेला जा."

मूर्तिजापूरला गाडी पहाटे पोचली. थंडी चांगली होती. कारंज्याच्या एसटीत मला खिडकी मिळाली. सूर्य वर आला तसा रस्त्याकडेच्या बाभळींवर पांढरं काहीतरी अडकलेलं दिसू लागलं. पाहिलं तर कापूस. कापूस भरलेले टेम्पो रोज इथून जातात आणि प्रत्येक बाभूळ आपला वाटा काढून घेते. शेजारच्या काकांना मी विचारलं, हा कापूस कोणी गोळा करत नाही का? ते म्हणाले, "कोन करन बाप्पा? काट्यायनं बोटं फोडून घ्याची, अन् जमा किती व्हईन? एका वातीपुरता!" मी चाळीस बाभळी मोजल्या, मग सोडून दिलं. इतक्या सकाळी इतकं हलकं वाटायची मला सवय नाही.

स्टँडबाहेर गजूभाऊ नावाचा रिक्षावाला भेटला. वय माझ्याएवढंच, मिशी माझ्या दुप्पट. "कुठं जाचं?" मी म्हटलं, "जुन्या बाजारात. जिथे जुन्यातली जुनी दुकानं आहेत तिथे." तो म्हणाला, "घ्याचं काय हाय पन?" मी यादी वाचून दाखवली. त्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "साहेब, बैल कुठं हाय तुमचा?"

दारव्हा वेशीच्या बाजूने आत शिरलो आणि मी रिक्षा थांबवायला लावली. कापसाच्या भरभराटीच्या काळात बांधलेली दुकानांची एक अख्खी ओळ समोर होती. खाली दगडी जोतं, वर लाकडी माडी, मध्ये ओतीव लोखंडाचे बारीक खांब. मोबाइलच्या जाहिराती, सिमेंटच्या पाट्या, लोंबणाऱ्या वायरी या सगळ्यांच्या आडून ते खांब एखाद्या जुन्या माणसासारखे ताठ उभे होते. दोन-तीन दुकानांना अजून शटर नव्हतं, फळ्या होत्या. वामनशेठ नावाचे एक वृद्ध गृहस्थ त्यांच्या भुसार दुकानाच्या फळ्या काढत होते. प्रत्येक फळीवर मराठी आकडा कोरलेला, एक ते अकरा. ते अकरापासून उलटे येत होते. मला इतका आनंद झाला की तीन नंबरची फळी मी स्वतः उचलून दिली.

"या, बसा," वामनशेठ म्हणाले. "काय देऊ?"

मी त्यांना यादीची झेरॉक्स दिली आणि सांगितलं, "सातही वस्तूंचे दर हवे आहेत. घाई नाही."

त्यांनी चष्मा लावून यादी वाचली. मग ती कपाळाला लावली आणि मागच्या तसबिरीच्या खाली, उदबत्तीच्या घराशेजारी ठेवली. मला वाटलं, जुनी माणसं, कागदाचा मान ठेवतात. "गूळ हाय माह्याजवळ," ते म्हणाले. "बाकीचं पाह्यतो. तुमी च्या घेऊन या."

दुसरं दुकान रहीमचाचांचं. कासरे, वेसणी, घुंगरमाळा, गोफणी असा शेतकऱ्याचा सगळा संसार छपरापासून लोंबत होता. दुकान त्यांच्या आजोबांनी घातलेलं. चाचा गल्ल्यासमोर पाणी शिंपडत होते. मी दुसरी झेरॉक्स दिली. त्यांनी 'बिस्मिल्ला' म्हणून ती घेतली आणि टोपीखाली खोचली.

"कंदील? रांजन?" ते म्हणाले. "साहेब, माह्याकडं दोन चिजा हाय. पाच नाई."

"दर कळला तरी पुरे."

"दर कायले? चीज भेटन!"

तिसरं दुकान शांताकाकूंच्या भांड्यांचं. पितळ वर, स्टील मध्ये, प्लॅस्टिक खाली. काकू नुकत्याच येऊन उंबऱ्याला हळद-कुंकू लावत होत्या. तिसरी झेरॉक्स त्यांना दिली. त्यांनी ती पदरात घेतली, अगदी ओटी घ्यावी तशी. अडकित्ता त्यांच्याकडे होता. बाकीच्या सहा नावांवर त्यांनी एकदा बोट फिरवलं आणि नवऱ्याला हाक मारली, "अहो, सायकल काढा!"

तीन दुकानं, तीन याद्या. माझ्या पद्धतीप्रमाणे काम झालं होतं. दहा वाजता परत येऊन तिघांचे दर शेजारी शेजारी लिहायचे, प्रत्येक वस्तू जिथे बरी तिथून घ्यायची. पावणेनऊ वाजले होते. गजूभाऊ म्हणाला, "चला, तुमाले आलूबोंडा चारतो."

तो आलूबोंडा विसरण्यासारखा नाही. मुठीएवढा, गरम, त्यावर रस्सा आणि वर मूठभर सांबार (इथे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, मी आधी दक्षिणेकडचं सांबार समजून 'नको' म्हणालो आणि दुकानदाराने माझी कीव केली). मी एक खाल्ला. मग दुसरा. डॉक्टरांनी महिन्याला एक सांगितलेला आहे, म्हणून मी फेब्रुवारी आणि मार्च तिथेच संपवले. पोट भरल्यावर गुरुमंदिरात दर्शन घेतलं. तिथून परतताना गजूभाऊने मला जिथून छोटी रेल्वे कापूस घेऊन जायची ती जागा दाखवली. आता गाडी बंद आहे. रुळांमध्ये एक बकरी निवांत चरत होती.

परत चहाला थांबलो तेव्हा साडेनऊ झाले होते. टपरीवर बातमी आली होती.

"मोठी पार्टी आली म्हने बाजारात," एक जण म्हणाला. "कंदिलं उचलून राह्यली."

"कोन?"

"शूटिंगवाले असन. जुन्या जमान्याचं पिच्चर."

"पिच्चर नाई रे, ढाबा! हायवेवर गावरान ढाबा काढून राह्यला कोनी. वामनशेठ सोता कंदील पाह्यत फिरून राह्यले. मांगं रहीमचाचा. त्याहीच्या मांगं शांताकाकूचा मालक सायकलवर. कंदिलवाल्यानं तर भाव वाढोला!"

मला उत्सुकता वाटली. माझ्यासारखाच कोणी जुन्या वस्तूंच्या शोधात आला आहे, हा योगायोग मी वहीत टिपून ठेवला. वर 'पार्टीला भेटणे' असंही लिहिलं. ते पान अजून आहे. बायकोने त्याचा फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला आहे.

दहाला पाच कमी असताना आम्ही बाजारात पोचलो, तर वामनशेठच्या दुकानासमोर बारा-तेरा माणसांची गर्दी. एक धिप्पाड मावशी रिकामी पिशवी हलवत तावातावाने बोलत होत्या.

"दोन घंट्यापासून उभी हाय मी! साखर समोर दिसून राह्यली, पन हा मानूस देत नाई! काहून? तर म्हने बोहनी व्हायची हाय! अरे, मी काय गिऱ्हाईक नाई का?"

वामनशेठ शांतपणे म्हणाले, "बाई, पैल्या गिऱ्हाईकानं यादी हातात देल्ली. त्याची बोहनी झाल्याबिगर दुसऱ्याले कसा माल देऊ?"

"अन् थो गेला कुठं?"

"च्या घ्याले."

"दोन घंटे? च्या घेऊन राह्यला का च्याच्या मळ्याले पानी देऊन राह्यला?"

एव्हाना गजूभाऊ माझ्याकडे बघत होता. मग त्याने मावशींकडे पाहिलं. मग वामनशेठच्या मागे पाहिलं. तिथे ओळीने सात वस्तू मांडलेल्या होत्या: कंदील, कासरा, घुंगरमाळ, अडकित्ता, सूप, गुळाची भेली आणि नवाकोरा रांजण. सगळ्यांना हळदीचं बोट लावलेलं.

"साहेब," गजूभाऊ हळूच म्हणाला, "पार्टी तुमीच हाय."

मी तसाच पुढे धावलो. रहीमचाचांच्या दुकानासमोर नऊ माणसं. आत ओळीने सात वस्तू. शांताकाकूंच्या दुकानासमोर एक अख्खं वऱ्हाड, रुखवताच्या भांड्यांसाठी खोळंबलेलं, नवरीच्या मामासकट. आत सहा वस्तू. म्हणजे सकाळपासून या ओळीतली तीन दुकानं बंद पडली होती, आणि मी मार्चचा आलूबोंडा खात होतो.

खरं सांगतो, माझ्या मनात आधी आकडाच आला. वीस वस्तू. मला हव्या होत्या सात. दर मागवणं म्हणजे खरेदी नव्हे, हे मी कारखान्यात नवीन माणसांना पहिल्या दिवशी शिकवतो. मी वामनशेठकडे परत आलो आणि प्रामाणिकपणे सांगितलं की मी फक्त दर विचारले होते, आणि तीन ठिकाणी विचारले होते.

वामनशेठ रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी तसबिरीखालची झेरॉक्स काढली, घडी नीट केली आणि माझ्यासमोर धरली.

"मंग राहू द्या, साहेब. चूक माही. इतल्या सकाळी कोनी यादी हातात देल्ली तं मी विचारत नाई. माह्या बापानं विचारलं नाई, त्याच्याही बापानं नाई." आणि मावशींना म्हणाले, "बाई, आज नाई जमत. दुसरीकडून घ्या साखर. आजचा दिवस गेला माहा."

मावशींनी पिशवी खाली ठेवली. "अरे, असा कसा गेला?" त्यांचा आवाज एकदम उतरला होता.

एवढ्यात गजूभाऊने माझी बाही ओढली. "तिकडं पाहा."

शांताकाकूंचे यजमान हातगाडी ढकलत येत होते. गाडीवर रांजण. तो नवा नव्हता. पोटाला शेवाळाचा हिरवट पट्टा, गळ्याशी जुना तडा, तो सिमेंटने बुजवलेला. काकू दुकानाच्या पायरीवर उभ्या राहून मला म्हणाल्या, "भाऊ, कुंभाराकडं दोनच होते. ते या दोघायनं नेले. मंग म्या घरचा आनला. जुना हाय, पन पानी लय थंडं करते."

मी हातगाडीपाशी गेलो. रांजणात हात घातला. कोपरापर्यंत गारवा लागला. तळाशी ओंजळभर पाणी होतं.

"हा भरलेला होता?" मी विचारलं.

"मंग? सकाळचंच भरलं होतं. वतून आनला." वेड्याकडे बघावं तशा त्या माझ्याकडे बघत होत्या. "बोहनीचं गिऱ्हाईक कसं वापस पाठवाचं?"

मी हात बाहेर काढला नाही. अर्धं मिनिट तरी तसाच उभा होतो, एक हात रांजणात, भर बाजारात. मग मला हसू आलं. ते थांबेना. रहीमचाचा बाहेर आले आणि त्यांनाही आलं, कारण माझ्या गळ्यातला मफलर रांजणात पडला होता.

मी वामनशेठच्या हातातली झेरॉक्स परत त्यांच्याच हातात दिली. "शेठ, हळदीचं बोट लावलेला माल मी सोडत नाही. काढा पिशव्या." मग चाचांकडे, मग काकूंकडे. दर मी कुठेच विचारला नाही. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा लिहितो आहे. त्यांनीही बोहनीच्या गिऱ्हाईकाला जास्तीचं लावायचं नाही म्हणून बेताचंच घेतलं. कंदिलवाल्याने वाढवलेला भाव तिघांनी आपापल्या अंगावर घेतला, हे मला गजूभाऊकडून नंतर कळलं. पहिली नोट वामनशेठनी कपाळाला लावली आणि मावशींना साखर मिळाली. मावशी जाताना माझ्या हातावर त्यातली चिमूटभर ठेवून गेल्या. "घ्या, साहेब. तोंड गोड करा. पन उद्या येऊ नका!"

आता प्रश्न एकवीस वस्तूंचा. (काकूंच्या रांजणासकट बरोबर एकवीस.) चाचा आणि वामनशेठ म्हणाले की बोहनीचा माल दुकानात परत येत नाही, पण गिऱ्हाईकाने वाटला तर कोण अडवणार? दोन नवे रांजण वेशीजवळ, एका झाडाच्या सावलीत पाणपोई म्हणून मांडले. पहिली घागर शांताकाकूंनी ओतली. त्यांना त्यातला एक घरी न्या म्हणून मी तीनदा सांगितलं, त्या हसून 'अहं' म्हणत राहिल्या. शेवटी गजूभाऊ कुंभाराकडे आगाऊ सांगून आला की पुढच्या भट्टीतला पहिला रांजण काकूंच्या दारात. दोन भेल्या जागच्या जागी फोडून सगळ्या गर्दीत वाटल्या. दोन सुपं आणि दोन अडकित्ते मामांनी नवरीच्या रुखवतात मांडायला नेले. दोन कंदील गजूभाऊने रिक्षाला पुढे टांगले आणि दोन घुंगरमाळा आरशाला. कासरे तिन्ही लागले, माझा रांजण बांधायला.

मूर्तिजापूरपर्यंत आम्ही छुमछुम करत गेलो. वाटेत एक खराखुरा बैल मान वळवून बघत राहिला. "आता भेटला तुमचा बैल," गजूभाऊ म्हणाला.

गाडीत रांजण खिडकीजवळ बसला, मी कडेला. तिकीट तपासनीस आले. रांजणाकडे पाहून म्हणाले, "आणि हे?"

"वडिलांसाठी."

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्या तीन कासऱ्यांकडे, आणि पुढे गेले.

घरी पोचलो तेव्हा नाना नाश्त्याला बसले होते. मी सातही वस्तू त्यांच्यासमोर ओळीने मांडल्या, यादीच्या क्रमाने. त्यांनी कंदिलाची काच पुसली, घुंगरमाळ हलवून पाहिली. मग रांजणापाशी आले. गळ्याजवळचा तडा, पोटाचा हिरवा पट्टा बोटाने तपासला. आत हात घातला, पार खांद्यापर्यंत.

"हा नवा नाही," ते म्हणाले.

"नाही. एका बाईंनी घरचा ओतून दिला. ओतताना मी पाहिलं नाही, पण मी हात घातला तेव्हा आत पाणी होतं." मग म्हणालो, "नाना, चूक माझी होती."

त्यांचा हात रांजणातच होता. मला राहवेना, मी सगळंच सांगितलं. तीन दुकानं, तीन याद्या, तीन बोहन्या, खोळंबलेली तीस माणसं, एक वऱ्हाड, एकवीस वस्तू, बाजार दोन तास बंद.

नानांनी रांजणातून हात काढला, धोतराला पुसला आणि माझ्याकडे पाहिलं.

"आकडे फुगवू नकोस," ते म्हणाले.

स्वयंपाकघरातून आधी बायकोचं हसू ऐकू आलं, मग मुलीचं. रांजण भरून ठेवला. दुपारी जेवताना मुलीने त्यातलंच पाणी नानांच्या पेल्यात ओतलं. नानांनी एक घोट घेतला, पेला खाली ठेवला आणि भात कालवता कालवता सुरुवात केली.

"त्या वेळी कारंज्यात सातशे दुकानं होती."

दिवाळीत सहाशे होती. मी वही खिशातच राहू दिली आणि वरण वाढून घेतलं.